दावीदनानांना तक्रार हवी

नाताळ होऊन दोन दिवस गेले की तिसऱ्या सकाळी दहाच्या सुमारास आमच्या गल्लीतून दावीदनाना निघतात. अंगात मेंदी रंगाचा बिनबाह्यांचा स्वेटर, खिशाला पेन आणि काखेत लांबट वही. कुणी ओळखीचं विचारतं, नाना, सकाळी सकाळी कुठे? नाना न थांबता सांगतात, "तक्रारी आणायला."

लोक दूध आणायला जातात, दळण आणायला जातात. नाना तक्रारी आणायला जातात. चांगल्या भरपूर मिळाल्या की दुपारी खुशीत परत येतात, आणि कुणाकडे एकही मिळाली नाही तर त्यांचं जेवणात लक्ष लागत नाही.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल धुळ्याच्या उन्हानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. धुळ्यात आमची ख्रिस्ती मंडळी फार मोठी नाही. मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं. पण नाताळाच्या आधी आम्ही फराळाच्या पिशव्या करतो, गेली कित्येक वर्षं. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये चार दिवस कढया चढतात. करंज्या, शंकरपाळे, शेव, लाडू. केक आमच्याकडे नंतर आला हो, नाताळ आमचा करंजीचाच. मैदा, तेल, साखर ज्याला जे जमेल ते तो आणून देतो आणि आम्ही बायका तळतो. मग पिशवीत फराळ, वर तूरडाळ, चहापत्ती, तेलाची पिशवी, आणि म्हातारं माणूस असेल तर एक शाल. घरं तीस-पस्तीस असतात. ज्यांचं हातावर पोट आहे ती, आणि जिथे म्हातारं माणूस एकटं राहतं ती. चर्चचं आहे की नाही, ते कुणी विचारत नाही. या पिशव्या घरोघर पोचवायचं काम नानांचं.

नाना धुळ्याच्या बसस्टँडवर कंट्रोलर होते. उभा जन्म त्या जाळीच्या खिडकीमागे गेला. शिरपूरची गाडी किती वाजता, चोपड्याची का लागली नाही, कंडक्टरनं सुटे का दिले नाहीत, दिवसभर हेच. आवाज असा कमावलेला, की अजूनही नाताळाच्या उपासनेत ते वचन वाचायला उभे राहिले आणि योसेफ-मरिया बेथलेहेमला निघाल्याचं वाचलं, की मागच्या बाकावरची माणसं फलाट नंबर ऐकायला कान टवकारतात. बोलणंही सगळं सरकारी. तुम्ही म्हणालात, नाना, आमच्या सुनेला मुलगी झाली, तर म्हणतील, "नोंद घेतली." माझा गुडघा दुखतो म्हटलं तरी "नोंद घेतली" आणि त्यांची बायको रत्ना त्यांच्या अंगावर ओरडली तरी "नोंद घेतली". रत्ना म्हणायची, अक्का, मी एका रजिस्टराशी लग्न केलंय.

पहिली एक-दोन वर्षं नाना साध्या माणसासारख्या पिशव्या वाटून यायचे. मग एका वर्षी यंत्रमागावर काम केलेल्या एका म्हाताऱ्याकडे ते पिशवी घेऊन गेले. म्हातारा नानांपेक्षा दहा वर्षांनी मोठा. त्यानं पिशवी घेतली आणि वाकून नानांच्या पायाला हात लावला. नाना घरी आले ते जेवलेच नाहीत. रत्ना मला बोलवायला आली, की हे बघ कसे बसलेत. मी विचारलं तर म्हणाले, "अक्का, माझ्या बापाच्या वयाचा माणूस शंकरपाळ्यासाठी वाकला. असलं देणं मला जमणार नाही."

मला वाटलं, सोडलं यांनी काम. तर तिसऱ्या दिवशी वही घेऊन निघाले. म्हणे, लग्नात वरपक्ष जेवून जातो, तेव्हा कुणी मुलीच्या बापापुढे हात जोडतं का? उलट वरणात मीठ नव्हतं, जिलेबी मऊ पडली, म्हणून वर्षभर बोलतात. का बोलतात? तर त्यांचा मान असतो म्हणून. ज्याला नाव ठेवायची मुभा आहे तो वाकत नाही. "आपण मुलीकडचे, अक्का. ती माणसं वरपक्ष. त्यांनी नावं ठेवायला पाहिजेत आणि आपण ऐकून घ्यायला पाहिजे."

ऐकायला बरं वाटतं. पण गरीब माणसाकडून नाव ठेवून घेणं किती कठीण, ते नानांबरोबर फिरल्याशिवाय कळत नाही. कापसाच्या जिनिंगवर कामाला आलेल्या एका घरी मी एकदा त्यांच्यासोबत गेले होते. शिरपूरकडची माणसं, पत्र्याची खोली. नाना दारात उभे राहून आपल्या अहिराणीत विचारतात, बहीन, सांग ना, काय कमी शे? ती पदर तोंडाला लावून म्हणते, काही नही नाना, बठ्ठं बेस शे. नाना ऐकत नाहीत. पुन्हा विचारतात. तिला वाटायला लागलं, आपलं काही चुकलंय आणि हे चौकशीला आलेत. ती रडकुंडीला आली. शेवटी आतून तिची सासू ओरडली, "शंकरपाया कडक शेतस. माले दात नही, ते कोण पाही?"

नानांचा चेहरा असा उजळला, जणू उशीर झालेली गाडी स्टँडात शिरली. आत गेले, म्हातारीपुढे उकिडवे बसले, आणि कडक म्हणजे किती कडक, दुधात भिजवून बघितले का, सगळं विचारून लिहून घेतलं. म्हातारीही मग रंगात आली. तिनं शेवेला नावं ठेवली, शालीच्या रंगाला नावं ठेवली, निघताना मलाही विचारलं की ही जाडी बाई कोण.

पण सगळ्यांत पुढे गेल्या जैनबखाला. रजया शिवतात, नवरा जाऊन वीस वर्षं झाली. त्या आता नानांची वाटच बघतात. आधीपासून तक्रारी पाठ करून ठेवतात. एका वर्षी शेवेत हळद जास्त पडली होती, तर दारातच दोन्ही हात पुढे करून म्हणाल्या, "नाना, ये देखो, बोटं पिवळी झाली. या वयात मला हळद लावायची होती तर आधी सांगायचं ना, नवरा तरी बघून ठेवला असता."

नानांनी तेही लिहिलं.

ही वही नुसती नानांपाशी राहिली असती तर कुणाचं काही गेलं नसतं. पण जानेवारीच्या पहिल्या सभेत नाना ती सगळ्यांपुढे वाचतात. त्या कमावलेल्या आवाजात. शंकरपाळे कडक, घर क्रमांक सात. शेव पिवळी, घर क्रमांक बारा. आणि शंकरपाळे आमच्या सेक्रेटरीणबाईंनी केलेले असतात. चार दिवस तेलासमोर उभं राहायचं, फुकट द्यायचं, आणि वर भर सभेत ऐकून घ्यायचं, हे त्यांना कसं सोसणार? त्या माझ्याशी पुष्कळ बोलल्या. मी हो हो म्हटलं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांच्याचकडून मला विरजण आणायचं होतं. एक मात्र खरं, पुढच्या वर्षी त्यांनी शंकरपाळ्यांत मोहन वाढवलं.

आता ज्या घरासाठी मी हे सगळं सांगायला बसले, त्या घराकडे येते.

पांझरा नदीच्या पलीकडे, देवपुरात, एका बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत एस्तेर सिस्टर राहतात. दवाखान्यात नर्स होत्या, चाळीस वर्षं नोकरी केली. लग्न केलं नाही. निम्म्या मंडळीची मुलं त्यांच्या हातावर जन्मली, पण गुडघे गेल्यापासून त्यांचं चर्चला येणं सुटलं, आणि येणं सुटलं की माणसं हळूहळू विसरतात. कुणी मुद्दाम विसरत नाही. तरी विसरतात. पाच वर्षांपूर्वी त्यांचं नाव आमच्या यादीत आलं.

पहिल्या वर्षी नाना वही घेऊन गेले. सिस्टरनी दार चार बोटं उघडलं. फराळ कसा होता? छान होता. काही कमी? काही नाही, देव बरं करो तुमचं. दार बंद. नानांनी त्यांच्या नावापुढे लिहिलं, निरंक.

दुसऱ्या वर्षी तेच. चार बोटं दार, छान होता, देव बरं करो.

मला त्यात काही वाटलं नाही. एखाद्या बाईला आवडला असेल फराळ. पण नाना बेचैन. "अक्का, ज्या माणसाला काहीच खुपत नाही, ते माणूस धड नाही," असं म्हणून माझ्या ओट्यावर बसून राहायचे. तिसऱ्या वर्षी ते हॉलमध्ये माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, सिस्टरच्या पिशवीतली शेव वेगळी करा. बिनमिठाची.

मी म्हटलं, नाना, नाताळ आहे. एकट्या बाईला अळणी शेव द्यायची? पाप लागेल.

ते म्हणाले, लागू द्या, पण मीठ नाही म्हणून त्या माझ्यावर ओरडतील तरी.

मी केली. खोटं कशाला बोलू, सगळ्यांची पाठ वळल्यावर दोन मुठी पीठ वेगळं मळून केली. सिस्टर म्हणाल्या, छान होता.

चौथ्या वर्षी नानांनी त्यांच्यासाठी करंज्या स्वतः केल्या. ज्या माणसानं जन्मात करंजी लाटली नाही त्यानं. मी त्यातली एक पाहिली. कडा जाड, पोट रिकामं, आणि तळून रंग असा, की फरशी पुसायच्या फडक्याला बरा. नाना म्हणाले, आता बघू. तिसऱ्या दिवशी गेले आणि तासाभरात परत आले. "छान म्हणाल्या," एवढं सांगून घरात गेले.

तुम्हाला हसू येईल. मलाही यायचं. पण सिस्टरचं नाव यादीत यायच्या आधीच रत्ना गेली होती, आणि तिच्या शेवटच्या दिवसांत मी दवाखान्यात तिच्याजवळ बसत होते, म्हणून मी नानांपुढे हसले नाही. रत्ना म्हणजे तक्रारीचं दुसरं नाव. नाना उशिरा येतात, नाना पंखा बंद करत नाहीत, नाना भाजीवाल्यानं दिलेलं मुकाट्यानं घेऊन येतात. शेवटचे आठ दिवस ती एक शब्द वावगा बोलली नाही. चहात साखर नव्हती तरी छान. चादर ओली होती तरी असू द्या, छान आहे. नाना मुद्दाम उशिरा आले, तरी काही नाही. नंतर कधीतरी नाना मला म्हणाले, "अक्का, ती गेली त्याच्या आठ दिवस आधीच गेली. मला कळलं नाही. मला वाटलं, सुधारली."

तर सिस्टरच्या चार बोटं दारापाशी नानांना कसली धास्ती वाटत होती, ते आता तुम्हाला सांगायला नको.

यंदा गोष्ट जरा पुढे गेली. सेक्रेटरीणबाईंनी चर्चच्या पाळकसाहेबांकडे रीतसर गाऱ्हाणं नेलं. पाळकसाहेब तरुण आहेत, कुणाला दुखवत नाहीत. त्यांनी नानांना बोलावून चहा दिला आणि सांगितलं, की नाना, यंदाची फेरी करा, पण ही शेवटची. पुढच्या वर्षापासून तरुण मंडळी मोटारसायकलवर पिशव्या पोचवतील. विचारायला जायची गरज नाही, पिशवी देतानाचा फोटो पुरे. नाना म्हणाले, नोंद घेतली. पण आवाज नेहमीचा नव्हता.

त्यांचाही गुडघा यंदा धरलेला, म्हणून तिसऱ्या दिवशी मी रिक्षात त्यांच्याबरोबर गेले. जैनबखालांनी नऊ तक्रारी दिल्या. जिनिंगवालं कुटुंब गावी गेलं होतं. नानांनी सगळी घरं भराभर उरकली आणि देवपूर शेवटी ठेवलं.

दार चार बोटं उघडलं.

"सिस्टर, फराळ कसा होता?"

"छान होता."

"काही कमी?"

"नाही हो. देव बरं करो तुमचं."

नानांनी वही उघडलीच नाही. पेन खिशाला लावलं आणि म्हणाले, बरं सिस्टर, हे शेवटचं. फराळ येत जाईल तुम्हाला, कुणीतरी आणून देईल. विचारायला मात्र आता कुणी यायचं नाही. तसं ठरलंय.

दार बंद व्हायला हवं होतं, ते झालं नाही. सिस्टर म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही येणार नाही?"

नाना म्हणाले, नाही.

सिस्टरनी दार सगळं उघडलं. "आत या."

आत एक खाट, एक खुर्ची, भिंतीवर कॅलेंडर, सगळं दवाखान्यासारखं स्वच्छ. मी खाटेवर बसले. नाना उभेच. सिस्टर खुर्चीत बसल्या, गुडघ्यावर हात ठेवले आणि नर्सच्या आवाजात म्हणाल्या, "लिहा. मला साखर आहे. अकरा वर्षं झाली. लाडू कुणाला देता?"

नानांनी घाईनं वही काढली.

मग जे सुरू झालं ते मी जन्मात विसरणार नाही. फराळ त्या खातच नव्हत्या. सगळा दूधवाल्याला द्यायच्या, आणि दूधवाला दुसऱ्या दिवशी येऊन कसा होता ते सांगायचा. सिस्टरना पाच वर्षांचं पाठ होतं. पहिल्या वर्षीचे लाडू दूधवाल्याच्या सासूनं खलबत्त्यात कुटले. ते माझे लाडू. मी कॅलेंडरकडे बघत राहिले. दुसऱ्या वर्षी शंकरपाळ्यांना तेलाचा वास. तिसऱ्या वर्षी शेव अळणी, मीठ घालायला विसरतं का कुणी?

"आणि गेल्या वर्षीच्या करंज्या त्यानं म्हशीपुढे ठेवल्या," सिस्टर म्हणाल्या. "म्हशीनं हुंगलं आणि मान फिरवली."

ही नोंद नानांनी जरा बारीक अक्षरात केली.

मला राहवलं नाही. मी विचारलं, सिस्टर, एवढं सगळं होतं तर पाच वर्षं गप्प का राहिलात?

त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, वॉर्डात कुरकुर करणाऱ्या पेशंटकडे आम्ही सगळ्यांत शेवटी जायचो. कधीकधी जायचोच नाही. मला वाटलं, नाव ठेवलं तर यादीतून काढाल. पिशवीचं काय एवढं, पेन्शन आहे मला. पण पिशवी आली की तिसऱ्या दिवशी दार वाजतं.

नाना खाली मान घालून लिहीत होते. सवयीनं विचारलं, "अजून काही?"

"आहे. वर्षातून दोनदा येता. एकदा पिशवी घेऊन, एकदा वही घेऊन. दोन्ही वेळा उंबऱ्याबाहेर उभे. मधल्या दिवसांत माणसानं काय करायचं?"

पेन थांबलं. मी वाट बघत होते की आता म्हणतील, नोंद घेतली. ते म्हणाले नाहीत आणि लिहिलंही नाही. मग खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसले आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

सिस्टर म्हणाल्या, चहा करते, पण बिनसाखरेचा आहे, मग नावं ठेवू नका.

जानेवारीच्या सभेत नानांनी तक्रारी वाचल्या. जैनबखालांच्या नऊच्या नऊ वाचल्या. सेक्रेटरीणबाई उठून गेल्या. देवपूरचं पान मात्र त्यांनी न वाचताच उलटलं, आणि पाळकसाहेबांनीही विचारलं नाही.

परवा भाजीबाजारात नाना दिसले. भरिताच्या वांग्यांच्या ढिगापाशी. मी त्यांना जन्मात कधी भाजी निवडताना पाहिलं नव्हतं. समोर दिसेल ते पिशवीत टाकून निघायचे. आता एकेक वांगं तळहातावर घेऊन तोलत होते, खाली ठेवत होते, दुसरं उचलत होते. भाजीवाली वैतागली होती, की आबा, सोनं घेता का वांगं?

मी म्हटलं, एकट्याला एवढं भरीत कशाला?

"गुरुवारी देवपुरात असतो," नाना म्हणाले. "मागचं वांगं बियांचं निघालं. फार बोलल्या हो त्या."

आणि ढिगातलं सगळ्यांत हलकं वांगं काढून त्यांनी भाजीवालीपुढे धरलं. हलक्या वांग्यात बिया कमी असतात हे त्यांना कुणी शिकवलं, ते मी विचारलं नाही.